कारणे दाखवा

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या चादरींच्या दुकानातून कुणाला कामावरून काढल्याची नोंद कुठल्याच वहीत नाही. वडिलांकडे शिस्तीचं एकच हत्यार होतं, चष्म्यावरून बघणं. उशिरा येणाऱ्याकडे ते असे बघत, की तो न सांगता चार घड्या जास्त घालायचा. वारशात मला ती नजर मिळाली नाही, चष्मा तेवढा मिळाला. म्हणून पुण्याला जाऊन तीन दिवसांचं शिबिर केलं. आधी तोंडी समज, मग लेखी ताकीद, मग कारणे दाखवा नोटीस, मग निलंबन आणि चौकशी, अशा शिस्तीच्या पायऱ्या तिथे शिकवल्या. त्या चढायच्या की उतरायच्या, ते मात्र विचारायचं राहिलं.

मराठीने या कटकटीला किती मवाळ शब्द ठेवलेत! समज द्यायची, जणू आपल्या घरात ती जास्तीची झाली आहे आणि वाटीभर शेजारी पोचवायची आहे. ‘कारणे दाखवा’ तर थेट गिऱ्हाइकाने ‘चादरी दाखवा’ म्हणावं तसं. आणि आमच्या मामांकडे कारणांचे गठ्ठेच्या गठ्ठे. गादीवर एकेक उलगडून दाखवतील, रंग पक्का असल्याची हमी देतील.

मामा म्हणजे दुकानातले सगळ्यात जुने नोकर. तरुणपणी गिरणीत होते. 1877 साली जुनी गिरणी सुरू झाली, आणि पुढे कित्येक वर्षं या गावाची सकाळ गिरण्यांनीच उजाडवली. भोंगा झाला की माणसं चहाचा कप अर्धा टाकून निघायची. मग गिरण्या गेल्या, भोंगे गेले, आणि मामांना सकाळ नेमकी कधी होते ते कळेनासं झालं. साडेनऊचं दुकान, मामा सव्वादहाला. मनगटावर घड्याळ आहे, पण ते ओरडत नाही.

दोष सांगताना पुढेमागे कौतुक लावावं, असं शिबिरात शिकवलं होतं. दोन कडक भाकऱ्यांत शेंगाचटणी दाबावी तसं. मी म्हटलं, “मामा, तुमच्यासारखी घडी कुणाची बसत नाही. तेवढं साडेनऊला येत जा. बाकी गिऱ्हाईक तुमचंच नाव काढतं.” मामांनी भाकऱ्या खाल्ल्या, चटणी बाजूला ठेवली आणि पगार कधी वाढणार ते विचारलं.

जानेवारीत ते पाच दिवस आलेच नाहीत. गड्ड्याची यात्रा, गावात बाहेरची माणसं, चादरींना मागणी, आणि घडी घालायला मी एकटा! चिडून नोटीस काढली. दंडाचाही विचार केला होता. पण 1936 च्या वेतन कायद्याने दंडाला पगाराच्या तीन टक्क्यांची मर्यादा घातली आणि ती रक्कमही कामगारांच्याच भल्यासाठी खर्चायला सांगितली. आमच्याकडे कामगार दोन. म्हणजे मामांच्या दंडातून मामांचाच चहा.

लेखी खुलासा आला: “लग्न होते. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तेल, दुसऱ्या दिवशी अक्षता, तिसऱ्या दिवशी होम, चौथ्या दिवशी दारूकाम, पाचव्या दिवशी कप्पडकळी. सहाव्या दिवशी हजर आहे.” खाली सही. नवरदेव ग्रामदैवत सिद्धरामेश्वर; गड्ड्याच्या यात्रेत त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं. दरवर्षी तेच वधूवर, आणि मामा दरवर्षी मुलाकडून. घरच्या कार्याला गेलेल्या माणसाचं निलंबन कसं करायचं, हे शिबिराच्या वहीत शोधलं. पुढची दोन पानं कोरी होती. खुलाशावर काय शेरा मारावा ते तीन दिवस सुचेना. शेवटी ‘पाहिले’ लिहून कागद फाइलला लावला.

यंदा अक्षतांच्या दिवशी दुपारीच शटर ओढलं आणि गर्दीतून वाट काढत संमती कट्ट्याकडे गेलो. अक्षता पडून गेल्या होत्या. पांढरी बाराबंदी घातलेले मामा नंदीध्वजांजवळ उभे होते. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे.

“उशीर झाला की, मालक,” ते म्हणाले.