मूळपुरुष

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त गृहस्थांना सगळे ‘मूळपुरुष’ म्हणतात. वंशावळीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. कुठलाही शब्द कानावर पडला, की त्याचं मूळ खणल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, एवढंच.

दुपारी चारला ते हजर होतात. सौ. विचारते, “काका, चहा टाकू ना?” या प्रश्नाला जगात दोनच उत्तरं आहेत. मूळपुरुष तिसरं देतात.

“सूनबाई, चिनी लिपीत चहाचं अक्षर एकच, पण बहुतेक मुलखात त्याला ‘चा’ म्हणतात आणि फूच्येनच्या किनाऱ्याला ‘ते’. ‘चा’ निघाला खुष्कीच्या वाटेनं. इराण, तुर्कस्तान, रशियात चाय झाला. अरबीत ‘च’च नाही, तिथे शाय झाला. ‘ते’ चढला डचांच्या गलबतावर, त्याची इंग्रजांनी टी केली. तमिळांचं तेनीर त्याच घराण्यातलं!”

आतून गॅसचा आवाज येतो. काका थांबत नाहीत.

“पोर्तुगीज मात्र समुद्रानं जाऊनही ‘चा’वालेच, कारण त्यांचं ठाणं मकाऊला. त्यांची राजकन्या कॅथरिन 1662 साली इंग्लंडच्या राजाला दिली, हुंड्यात आपली मुंबई! चहाचं वेड तिनंच दरबाराला लावलं. बिचारीच्या माहेरी चा, सासरी टी!”

“काका, साखर किती?”

ही चूक घरात दर वेळी कुणीतरी करतंच.

“शर्करा! मूळ अर्थ वाळू, खडे. फारसीत शकर, अरबीत सुक्कर, इटालियनमध्ये झुक्केरो, इंग्रजीत शुगर. आपल्याच खड्यांनी सगळं जग गोड केलं!”

“ते झालं, पण चमचे किती?”

“छे छे, मला मधुमेह आहे.”

सोबतीला बिस्किट देण्याचं धाडस आता कुणी करत नाही. ते लॅटिनमध्ये दोनदा भाजलेलं असतं आणि आमच्याकडे तिसऱ्यांदा भाजलं जातं. एव्हाना कपावर साय धरलेली असते. काका ती बोटानं बाजूला सारतात आणि “गार आहे हो” अशी तक्रार करतात.

तरीही माणूस मोलाचा. भाषेत आपलं कोणतं नि परकं कोणतं यावर हमरीतुमरीवर येणाऱ्यांनी एक दुपार त्यांच्यासमोर बसावंच. फक्त चहा घरून पिऊन यावा.