पालकांनी आणावयाच्या वस्तू

सोसायटीतल्या पाळणाघराच्या काकूंची यादी वाचून ऊर भरून आला. डायपर, दुपटी, कपड्यांचे दोन जोड, खाऊचा डबा; इथवर ठीकच. मूल आपले, तेव्हा शी-शूही आपलीच. पण काकूंची दृष्टी थोर! फिनेल, झाडू, हात धुण्याचा साबण, डास पळवायचे मशीन, शिवाय गॅस सिलिंडरला वर्गणी. प्रत्येक वस्तूवर मुलाचे नाव ठळक लिहावे.

५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, असे २०१७च्या कायदादुरुस्तीने सांगितले. काकूंनी ही जबाबदारी पालकांवर सोपवून लोकशाही आणखी खाली झिरपवली. फी तेवढी त्या स्वतः सांभाळतात.

एकच उणीव राहिली होती, मूल सांभाळणार कोण? पान उलटले. शेवटची नोंद: ‘आजी, एक नग. नाव ठळक लिहून.’