खोका ठेवून गेलेल्या दयाळू सद्गृहस्थांस

सद्गृहस्थ (किंवा सद्गृहिणी) यांस,



आपण आमच्या सोसायटीच्या फाटकाशी ठेवलेला खोका मिळाला. पोच कुठे पाठवावी हे कळेना, कारण नाव, पत्ता, फोन नंबर यांतलं काहीही मागे राहू नये याची आपण पुरेपूर काळजी घेतली होती. प्रसिद्धीची हाव नसलेले दाते हल्ली दुर्मीळच. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे. डोंबिवलीत आपल्यासारखे गुप्तदानी बरेच आहेत. ज्याला लागू पडेल त्याने ते आपल्याच नावचं समजून वाचावं.

आपली व्यवस्था चोख होती हे आधी कबूल करतो. खोका हापूसचा. हवा यावी म्हणून बॉलपेनने पाडलेली भोकं अगदी एका ओळीत. आत जुन्या बनियनची घडी, तिच्यावर मांजराची चार पिल्लं: दोन पिवळी, एक पट्ट्यांचं, एक काळं. शेजारी ग्लुकोज बिस्किटांचा अर्धा पुडा आणि सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी, ‘कृपया सांभाळा. देव तुमचं भलं करो.’ पिल्लांचे डोळे नुकते किलकिले झाले होते, म्हणजे वय आठ-दहा दिवसांचं. मांजराच्या पिल्लाला पहिले दात फुटायलाच तीनेक आठवडे लागतात. बिस्किटं शेवटी वॉचमनकाकांनी चहाबरोबर संपवली. आपल्या दानातला तेवढाच भाग सत्कारणी लागला.

आता आपला एक गैरसमज दूर करतो. आपल्याला वाटलं असेल, इथे मांजरांची कसलीशी संस्था आहे. नाही हो. आमच्याकडे शेड नाही, गाडी नाही, पगारी माणूस नाही. आहे तो एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यात एक निवृत्त शिक्षिका, एक बँकेतले कारकून, दोन कॉलेजची मुलं आणि एक गृहस्थ, ज्यांच्या बायकोला ते ‘फॉस्टर’ करतात हे अजून पुरतं ठाऊक नाही. फॉस्टर करायचं म्हणजे पिल्लाला कायमचं घर मिळेपर्यंत आपल्या घरी वाढवायचं. घर बहुधा वन बीएचके असतं आणि पिल्लांची खोली म्हणजे बाथरूम.

आपण देवावर सोपवलेलं काम त्या रात्री आमच्या ग्रुपमधल्या शिक्षिकाबाईंवर आलं. ते काय असतं, तेही ऐका. पिल्लं गार पडली होती. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नसतं. त्याला ते पचत नाही, जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ऊब द्यायची. ते सावरलं की मग मांजरीच्या दुधाच्या जागी देतात ती पावडर कोमट पाण्यात कालवायची. गाईचं दूध चालत नाही, जुलाब लागतात. पाजताना पिल्लू पोटावरच ठेवायचं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. सिरिंजने थेंब थेंब पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेला कापूस त्याच्या पोटाखाली हलकेच फिरवायचा, कारण एवढ्या वयाच्या पिल्लाला आपली आपण शी-शूही करता येत नाही. एरवी आई चाटून करवते. मग ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचं आणि वहीत वजन लिहायचं. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढलं तर ठीक, नाहीतर डॉक्टर. एक झालं. अशी चार. चौथं आटोपेपर्यंत पहिल्याला परत भूक लागते, कारण पाळी दर दोन-तीन तासांची असते आणि ती रात्री दोनलाही चुकत नाही. त्या वेळी आपण झोपला असाल. झोपाच. पुण्यकर्म केल्यावर झोप छान लागते.

पट्ट्यांचं पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं. हे आपल्याला दोष द्यायला लिहीत नाही. आईपासून इतक्या लवकर तोडलेली सगळी पिल्लं कोणाच्याच हातून वाचत नाहीत. फक्त आपल्या हिशेबात चार जमा असतील, तिथे तीन करून घ्या.

आणखी एक गोष्ट आपण नकळत केलीत. बाहेरून आलेलं कुठलंही पिल्लू दोन आठवडे वेगळं ठेवावं लागतं, कारण पॅनल्यूकोपेनिया नावाचा एक आजार आहे. उलट्या, जुलाब सुरू होतात आणि लस न टोचलेली पिल्लं दोन-तीन दिवसांत पटापट जातात. त्याचा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकू शकतो. साध्या साबणाला तो दाद देत नाही, ब्लीचने फरशी पुसावी लागते. ज्या घरात तो एकदा शिरला, त्या घरात पुढे कित्येक महिने लस न झालेलं पिल्लू आणता येत नाही. मुळात आमच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं. त्यात आपला खोका आला की गटारात पडलेल्या, गाडीखाली सापडलेल्या, ज्याला खरंच कोणी नाही अशा पिल्लाला ‘जागा नाही’ म्हणून सांगावं लागतं. आपल्या पिल्लांना घर होतं. आईही होती.

आपली बाजूही मी ऐकून आहे. आपण नाही बोललात तरी आपले भाऊबंद फोनवर भरभरून बोलतात. ‘मासळी बाजारात सोडलं तर तिथे पोट भरेल ना?’ भरेल की. मासळी बाजारातले बोके नव्या पाहुण्यांचं स्वागत करायला टपलेलेच असतात, आणि बाहेर कुत्री. ‘घरात बाळ येणार आहे, मांजर धोक्याचं.’ टॉक्सोप्लाझ्माची धास्ती खोटी नाही, पण तो जंतू मांजराच्या विष्ठेत पडल्यापासून बाधक व्हायला किमान एक दिवस लागतो. विष्ठेचा ट्रे रोजच्या रोज दुसऱ्या कोणी साफ केला, कच्चं मांस टाळलं आणि हात धुतले, की गरोदर बाई आणि मांजर एका घरात सुखाने राहतात. एवढ्यासाठी मांजर हाकलायचं कारण नाही, घरातल्या पुरुषाने ट्रे उचलला की झालं. बहुधा अडचण तिथेच असते. ‘ऑपरेशन निसर्गाच्या विरुद्ध आहे.’ आणि हापूसच्या खोक्यात पिल्लं भरून स्कूटरवरून नेणं हा निसर्गक्रम! ‘एकदा तरी तिला आई होऊ द्यावं.’ झाली की ती आई. मग तिची पिल्लं आमच्याकडे कशी?

आपल्या जुन्या समजुतींचाही आपण मान राखलात. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं म्हातारी माणसं सांगायची. सोन्याचा आजचा भाव बघता आपण मारण्याच्या भानगडीत पडला नाहीत, हा सुज्ञपणा. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. ती बिचारी आपल्या तोंडात धरून, आपली आपण फिरवते. आपण तिला न विचारता आठवं घर गाठून दिलंत.

कायद्याची भीती घालणार नाही, कारण कायदा आपल्याहूनही दयाळू आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा. त्याच्या कलम 11 प्रमाणे, भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी 10 रुपये, जास्तीत जास्त 50. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलात तर मात्र 25 ते 100 रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पन्नास आणि खोके हे शब्द एकत्र आले की महाराष्ट्राला वेगळंच काही आठवतं, पण इथे हिशेब खरोखरच पन्नास रुपयांचा आहे. स्टेशनबाहेर तेवढ्यात दोन वडापाव येतात.

उरलेल्या तिघांची खबर देतो. जंत काढले, लशीचा पहिला डोस झाला. दोन पिवळी एकाच घरी गेली. तिथे आधी खिडक्यांना जाळी लावून घेतली, कारण चौथ्या मजल्यावरून मांजर पडतं आणि दरवेळी चार पायांवर पडूनही वाचत नाही. घरातल्या सगळ्यांची संमती विचारली, वेळेवर ऑपरेशन करण्याचं लेखी घेतलं. लोक म्हणतात, मांजर द्यायचंय की मुलगी? काळं अजून बाईंकडेच आहे. फोन येतात, पण रंग कळला की ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतात. आडवं गेलेलं मांजर अपशकुनी असतं, आडवळणाला सोडून गेलेला माणूस नसतो.

आता खरं काम. या सगळ्या पत्राचं कारण पिल्लं नाहीत. त्यांची आई आहे.

पिल्लं नेलीत, ती घरीच राहिली. दूध भरून ती दोन-चार दिवस घरभर ओरडत फिरली असेल आणि आपण ‘काय झालंय हिला’ म्हणाला असाल. पुढचं बहुधा आपल्याला कोणी सांगितलं नाही. पिल्लं अंगावर पीत असतात तोवर मांजरी सहसा पुन्हा माजावर येत नाही, अर्थात त्याचाही भरवसा नाही. पिल्लं काढून घेतली तर काही वेळा आठ-पंधरा दिवसांतच येते. पोटुशी राहिली की जेमतेम नऊ आठवड्यांत व्यायते. म्हणजे खोका ठेवून आपण कटकट संपवली नाहीत, पुढची लवकर बोलावलीत. हे पत्र आपल्या हाती पडेपर्यंत ती पुन्हा गाभण असेल. दरम्यान आपल्याकडच्या पहिल्या वेतातली एखादी भाटी राहिली असेल, तर तीही चार-पाच महिन्यांची झाली की रांगेत येते. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, पण त्या घरात डोळे मिटून बसलेलं मांजर नव्हे.

आम्हाला आपली माफी नको, देणगी नको, चिठ्ठी तर मुळीच नको. आम्हाला ती मांजरी हवी आहे, तीही एका दिवसासाठी. दूध आटलं की आणा, तोवर तिला बाहेर बोक्यांत सोडू नका. गाभण असली तरी आणा, काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. ऑपरेशनआधी किती तास उपाशी ठेवायचं तेही तेच सांगतील. खर्च खासगी दवाखान्यात काही हजारांचा, धर्मादाय ठिकाणी बराच कमी. तोही झेपत नसेल तर सांगा, वर्गणी काढू. आम्ही नाव विचारणार नाही, तोंड बघणार नाही. शुद्धीवर आली की आपली मांजरी आपल्या घरी. त्यानंतर ती आणि आपण, दोघंही सुखात.

कळावे. उत्तर पाठवू नये, मांजरी पाठवावी.

आपला,
रात्री दोनच्या पाळीतला एक शेजारी

ता. क. (इतर वाचकांसाठी) : आडोशाला पिल्लं एकटी दिसली म्हणून लगेच उचलू नका. आई बहुतेक वेळा पोटासाठी बाहेर गेलेली असते. माणूस जवळ असला तर ती येत नाही, म्हणून लांब राहून तास-दोन तास वाट पाहा. खोक्यात किंवा पिशवीत बांधलेली दिसली, किंवा अंग गार लागलं, तर मात्र थांबू नका. आधी ऊब द्या, दूध नंतर.