पाच नावांची पाटी

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अकरा दिवसांत युरोप उरकून पनवेलजवळच्या नावडे फाट्यावर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी मला लिफ्टमध्ये सापडले. म्हणजे मी त्यांना सापडलो. लिफ्ट नेहमीप्रमाणे तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलेली, त्यामुळे पळायला जागा नव्हती.

"अहो, काय ते स्मशान!" त्यांनी सुरुवातच तिथून केली.

आयफेल टॉवरला रांग मोठी होती म्हणून मुलीने त्यांना पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत नेलं होतं. 1804 सालची जागा. आत शोपाँ, ऑस्कर वाइल्ड, जिम मॉरिसन. झाडांची सावली, बसायला बाकडी, कोण कुठे झोपलंय त्याचा नकाशा. वाइल्डच्या थडग्याचे लोकांनी लिपस्टिक लावून इतके मुके घेतले की दगड खराब व्हायला लागला, शेवटी 2011मध्ये भोवती काच बसवावी लागली. सेक्रेटरींनी काचेसकट फोटो काढलाय. वाइल्डचं काय वाचलंय, हे मी विचारलं नाही. लिफ्ट अजून अडकलेली होती, आणि मला त्यांच्याशी चांगले संबंध ठेवायचे होते.

हाच माणूस नावड्यात कुणी गेलं की स्मशानाच्या दारातून परत फिरतो आणि घराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून बादली मागवतो. त्याला तरी काय बोलणार? आपल्याकडे माणूस गेला की जाळायचा, राख पाण्यात सोडायची, तेराव्याला गोडाचं जेवलं की विषय संपला. भेटायला जायचं तरी कुठे? म्हणून स्मारक म्हटलं की आपल्याला भेट सुचत नाही, उद्घाटन सुचतं. फीत कापली, नारळ फुटला, कोनशिलेवर नावं लागली की स्मारकाचं काम झालं. पुढे ते उभं राहिलं काय नि न राहिलं काय. मालवणात 4 डिसेंबर 2023ला शिवाजी महाराजांचा पुतळा उभा केला, 26 ऑगस्ट 2024ला तो कोसळला. नऊ महिनेही नाहीत. पहिला ठपका आला तो वाऱ्यावर.

"फ्लॉरेन्स केलंत का?" मी विचारलं.

"केलं ना. चाळीस मिनिटं. घुमट पाहिला, आइस्क्रीम खाल्लं."

त्या चाळीस मिनिटांत एक कोल्हापूरकर राहून गेला. छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय जेमतेम विशीचं. परक्या मुलखात चिता रचायची परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. 1874मध्ये तिथे छत्री उभी राहिली आणि खाली चार्ल्स फुलर या इंग्रजाने घडवलेला त्यांचा अर्धपुतळा. त्या पुतळ्यालाही वारा लागतच असणार. पुढे जवळच आर्नोवर पूल झाला, 1978मध्ये, त्याचं नाव 'पोन्ते आल्लिंदियानो'. भारतीयाचा पूल. तिथल्या लोकांना राजाचं नाव आठवत नाही, पण पूल टिकलाय. आपल्याकडे नावासाठी आधी दोन मोर्चे निघतात, मग पुलाची निविदा.

अमेरिकेतही तेच. न्यू जर्सीत मराठी घरं एवढी की गणपतीच्या आरतीला पार्किंग मिळत नाही. तिथून गाडीने थोडं उत्तरेला गेलं की पकीप्सीच्या दफनभूमीत डॉक्टर आनंदीबाई जोशींची रक्षा आहे. 1887मध्ये त्या पुण्यात गेल्या. रक्षा मात्र गेली अमेरिकेत, ज्यांनी त्यांना मुलीसारखं वागवलं त्या कार्पेंटरबाईंकडे, आणि बाईंनी ती आपल्या घरच्यांच्या जागेत ठेवून वर दगड बसवला. आमचा भाचा तिकडे बारा वर्षं आहे. आनंदीबाईंवरचा चित्रपट त्याने दोनदा पाहिलाय. पकीप्सीच्या वाटेवर म्हणे कुठे मॉल नाही.

असो, परदेश लांब आहे. जवळचं बोलू.

गोवा महामार्गाने कोकणात जाताना पनवेल सोडलं की शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. 1845चा जन्म, 1883मध्ये एडनच्या तुरुंगात मृत्यू. दर गणपतीला अख्खा नावडे तिथून जातो. कोंडीत गाडी अर्धा तास शिरढोणला उभी राहते, ती आदरांजली म्हणून मोजू नये.

चिरनेरला मात्र वर्षातून एकदा रीतसर गर्दी होते. 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रहात तिथे पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं पडली. नाग्या कातकरी त्यातलाच, आणि खुद्द सरकारचे मामलेदारही. आता दर 25 सप्टेंबरला पोलीसच येतात आणि बंदुका झाडून मानवंदना देतात. सुधारणा निश्चित आहे, नेम वर गेलाय. उरलेले 364 दिवस काय, ते विचारू नका. मी एकदा जिल्ह्यातल्याच एका स्मारकात भलत्या दिवशी गेलो तर कुलूप. चावी कुणाकडे विचारलं तर पानवाल्याने उलट विचारलं, "आज कोण येणारे?"

पण शिरढोण, चिरनेर हा इतिहास. जासईच्या गोळीबाराला इतिहास म्हणता येत नाही, कारण त्या वेळी सरकार आपलंच होतं. 1970मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, पनवेल-उरण-ठाण्याकडच्या 95 गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. भाव वाजवी द्या आणि विकसित जमिनीत वाटा द्या, म्हणून शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे गावंच्या गावं उठली. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी गोळीबारात पाच जण गेले. नामदेव घरत, रघुनाथ ठाकूर, महादेव पाटील, केशव पाटील, कमलाकर तांडेल. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. त्यातलेही पावणेचार टक्के सुविधांच्या नावाने कापले जाऊन हातात पडले पावणेनऊ. तरी नाव साडेबाराच, कारण सरकारी हिशेबात कापलेलं दिसत नसतं.

आमची सोसायटी अशाच साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर आहे. बुकिंगच्या वेळी बिल्डरने कागद दाखवून सांगितलं होतं, "टायटल क्लिअर आहे." फाट्यावरच्या चहाच्या टपरीत एक आजोबा बसतात, त्यांनी मला टायटल जास्त क्लिअर सांगितलं. "तुमचा किचन हाय ना, तया आमचा खाचर व्हता." एवढंच म्हणाले आणि बशीतला चहा संपवला. मी घरी येऊन ओट्याकडे जरा वेळ बघत राहिलो. बायकोने विचारलं, गॅस संपला का?

तर, लिफ्ट सुटल्यावर मी सेक्रेटरींना म्हटलं, पेर लाशेज आवडलं ना, मग आपल्या गेटवर एक छोटी पाटी लावू. फक्त पाच नावं आणि तारखा. त्यांनी विषय वार्षिक सभेत घेतला, हा त्यांचा मोठेपणा. बी विंगचं म्हणणं पडलं, गेटवर मेलेल्यांची नावं असली तर रीसेलचा भाव पडतो. ए विंगने वास्तूचा मुद्दा काढला. एका ताईंनी विचारलं, हे पाच जण कुठल्या फ्लॅटचे? मी उत्तर देईपर्यंत पाण्याच्या टँकरचा विषय सुरू झाला होता.

पाटी मात्र लागणार आहे. जुनी लिफ्ट काढून नवी बसवतोय, तिच्या उद्घाटनाची. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, खर्च देखभाल निधीतून. नावं बरोबर पाच: अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि कमिटीचे दोन सभासद.