माझा बायोडेटा माझ्याच साहेबांना पाठवणाऱ्या रिक्रूटरास

लीगल रिक्रूटर साहेबांस,



आपले आभार मानायचे राहूनच गेले. गेल्या महिन्यात आमच्या फोर्टच्या ऑफिसात पार्टनरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "हा उमेदवार बघ. आर्बिट्रेशनमध्ये तयार दिसतोय. घेऊ या का?" पडद्यावर आपण पाठवलेला बायोडेटा होता. वर आपला रंगीत लोगो, उमेदवाराचं नाव उडवलेलं, मोबाइल नंबरावर काळी पट्टी, सध्याच्या नोकरीच्या रकान्यात 'मुंबईतील एक अग्रगण्य फर्म'. गोपनीयता म्हणजे अगदी कडेकोट! फक्त फाइलीला नाव माझं होतं. नाव, आडनाव आणि पुढे 'सीव्ही फायनल न्यू'. आतली लवादाची प्रकरणं तर याच पार्टनरांनी चालवलेली. माझ्या फर्मकडे माझी इतकी कळकळीची शिफारस आजवर कोणीच केली नव्हती. पगारवाढीच्या वेळी तर नाहीच नाही.

फर्मचं नाव मला सांगितल्याशिवाय बायोडेटा पुढे पाठवू नका, असं मी आपल्याला फोनवर बजावलं होतं. "ऑफकोर्स सर," म्हणालात आणि बॅलार्ड इस्टेटपासून बीकेसीपर्यंत सत्यनारायणाच्या प्रसादासारखा तो वाटत सुटलात. मुंबईतलं वकिलांचं जग केवढं? इथे समोरासमोरच्या बाजूंचे दोन पार्टनर दुपारी एकाच टेबलावर जेवतात. उमेदवार हलायच्या बेतात आहे ही बातमी तो हलायच्या कितीतरी आधी पोचते, आणि मग चांगली मॅटर्स अलगद दुसऱ्याच्या टेबलावर जाऊ लागतात.

पण आपली खरी करामत पुढेच आहे. एका फर्ममध्ये माझा कॉलेजचा मित्र आहे. त्याने माझं नाव सुचवलं, तिथल्या पार्टनरांनाही ते पसंत पडलं. तेवढ्यात एचआरने सांगितलं, हा बायोडेटा तुमच्या एजन्सीमार्फत आधीच आलाय. आता मला घ्यायचं तर फी तुम्हाला द्यायची की नाही, यावर वाद. उमेदवार ज्याने आधी पाठवला त्याचा, हा तुमच्या धंद्याचा रिवाज, आणि तो हक्क बरेच महिने चालतो. दोन वाटांनी एकच बायोडेटा आला की कटकट नको म्हणून फर्म तो बाजूला ठेवते. तुम्ही मला न विचारता तो पाठवलात, आणि मी बाद.

आपल्या व्यासंगाबद्दलही दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. "आर्बिट्रेशन म्हणजे कॉर्पोरेटच ना सर?" हे आपण विचारलंत. त्यानंतर सॅलरी स्लिप आणि पीएफ नंबर मागितलात. साहेब, बऱ्याच लॉ फर्म्समधले असोसिएट कागदोपत्री पगारी नोकर नसतातच. त्यांना रिटेनरशिप फी मिळते, व्यावसायिक शुल्क म्हणून त्यावर टीडीएस कापला जातो, पीएफचा प्रश्नच येत नाही. वकिलांची भरती हाच ज्यांचा धंदा, त्यांना एवढं ठाऊक असावं ही अपेक्षा फार झाली का?

मग आपण एका कंपनीतली इन-हाउस नोकरी पुढे केलीत. "पॅकेज मस्त, पाचला घरी." पाचला घरी जायला कोणाला नको? पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबते आणि सनद स्थगित करावी लागते, हे सांगायला आपण विसरलात. ज्याला उद्या जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीला बसायचंय, त्याला राज्यघटनेच्या कलम 233 प्रमाणे सात वर्षांची वकिली दाखवावी लागते. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठीही सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. सनद खुंटीला टांगून काढलेली वर्षं या हिशेबात धरत नाहीत. कोणी डोळे उघडे ठेवून इन-हाउस गेला तर उत्तमच, माझे कितीतरी मित्र तिथे सुखात आहेत. डोळ्यांवर पट्टी तेवढी आपण बांधू नये.

आपल्याला हे सांगायची घाई का नसते, तेही कळतं. आपली फी उमेदवार देत नाही. ती फर्म देते किंवा कंपनी देते, माझ्या वर्षाच्या पॅकेजचे ठरावीक टक्के, आणि तीही मी रुजू झाल्यावर. मी बहुधा तीन महिने टिकलो की आपली बदली उमेदवार देण्याची जबाबदारी संपली. चौथ्या महिन्यात आपलाच फोन येतो म्हणे: "सर, चेंज बघताय का?"

एक गंमत राहिलीच. आपण सध्या एका कंपनीसाठी डेटा प्रायव्हसीचा वकील शोधताय. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. त्या जागेसाठी आलेले बायोडेटा तरी उमेदवारांना विचारून पुढे पाठवा, मुलाखतीत तोच प्रश्न निघायचा.

आपल्या धंद्यात चांगली माणसं नाहीत असं नाही. एका बाईंनी माझ्या मैत्रिणीला स्पष्ट सांगितलं होतं, "त्या टीममध्ये जाऊ नकोस, दोन वर्षांत चौघं सोडून गेलेत." त्या जागेची फी त्यांनी हातची घालवली. मैत्रीण आजही नोकरीचा विषय निघाला की आधी त्यांनाच फोन करते.

वाचणाऱ्या वकील मित्रमैत्रिणींनो, रिक्रूटरला बायोडेटा देण्याआधी एक ईमेल टाका: 'माझ्या लेखी होकाराशिवाय कोणत्याही फर्मला किंवा कंपनीला माझा बायोडेटा पाठवू नये.' त्यावर 'मान्य' असं उत्तर येईपर्यंत फाइल जोडू नका. गेल्या वर्षभरात कोणत्या टीममध्ये कोणाला लावलं आणि त्यातले किती टिकले, हेही विचारा. नोंदणीच्या नावाखाली तुमच्याकडेच पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

आपला (अजूनही त्याच फर्ममधला),
एक अग्रगण्य उमेदवार