पेनड्राइव्हवाले भाऊ

वैनगंगेच्या अल्याड ब्रह्मपुरीकडे आणि पल्याड वडशाकडे, प्रत्येक मोठ्या गावात एक भाऊ असतात. वय पन्नाशीपुढचं, गालात खर्रा, खिशात चष्मा आणि चष्म्यामागे पेनड्राइव्ह. धंदा विचारला तर ‘शेती’ म्हणतात, पण धान बायको पाहते. भाऊ सिनेमे पाहतात, तेही फक्त हसवणारे. आणि गावात कुणावर काही कोसळलं की पेनड्राइव्ह त्याच्या टीव्हीला नेऊन लावतात. फी एक खर्रा. दुखणं जुनं असेल तर दोन.

तपासणी पानठेल्यावरच होते.

“झोप लागते का गा?”

“नाई भाऊ.”

“जेवन?”

“जाते थोडंसं.”

“किती एकर गेलं तुडतुड्यानं?”

“तीन.”

भाऊ डोळे मिटून खर्रा या गालातून त्या गालात सरकवतात. “दादा कोंडके आत्ताच झेपनार नाई तुले. आधी अशोक सराफ घे, दोन दिवस. मंग ‘सोंगाड्या’ देतो. अर्धा रातच्याले, अर्धा सकाळी चहा झाल्यावर.”

हसू नका. या औषधाला पथ्यही आहे. कर्ज थकलेल्या माणसाला भाऊ ‘गंमत जंमत’ देत नाहीत. त्यात दोन कडके तरुण श्रीमंताच्या मुलीला पळवून पैसे मागतात, आणि भलत्या वेळी भलती कल्पना सुचायला किती वेळ लागतो? वाघाने माणूस नेला की गाव दिवस मावळायच्या आत दारं लावून बसतं. अशा दिवसांत ‘झपाटलेला’ बंद, कारण मग पोरं तात्या विंचूच्या भीतीने मोरीपर्यंतही एकटी जात नाहीत. मयताच्या घरी तेरवी उलटल्याशिवाय भाऊ पेनड्राइव्ह बाहेर काढत नाहीत. तोवर रिकाम्या हाताने जातात, ओट्यावर बसतात, आणि इतके गप्प राहतात की घरच्यांनाच त्यांची काळजी वाटू लागते.

हे वेळेचं गणित भाऊंना कुणा पुस्तकाने शिकवलेलं नाही. ते इथल्याच झाडीपट्टीच्या रंगभूमीतून आलं आहे. दिवाळीनंतर धान निघालं की वडशातल्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात आणि होळीपर्यंत मंडई, शंकरपट, नाटक असं चालतं. नाटक रात्री उशिरा सुरू होतं ते पहाटेपर्यंत. सासू सुनेला घराबाहेर काढते, भाऊ भावाचा गळा धरतो, घोंगडी पांघरलेलं सारं मैदान मुसमुसतं, आणि नेमक्या त्या घटकेला विनोदी नट येऊन धडपडतो. आधी आला तर लोक ओरडतात, उशिरा आला तर झोपतात. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांनी याच मातीत 800 च्या वर भूमिका केल्या, ‘विदर्भाचे दादा कोंडके’ म्हणून नाव कमावलं आणि 2023 साली पद्मश्री मिळवली. त्या बातमीच्या दिवशी आमच्या भाऊंनी ठेल्यावर स्वतःचंच अभिनंदन स्वीकारलं. म्हणे, “आमच्या खात्याले भेटली.”

आपल्या औषधाची गरज का, याचं कारणही भाऊ सांगतात. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. अल्याड चंद्रपुरात ती 2015 ला आली आणि 2021 ला उठली. “म्हंजे पाहा,” भाऊ म्हणतात, “सरकारी धोरन बदलते, पन माणसाचं दुख्ख विसरायचं काम कायमचं आपल्याकडेच.” ज्यांची सोय नदी ओलांडून होते, ते मात्र हे ऐकून नुसतं खाकरतात.

भाऊंची खरी परीक्षा ऑगस्ट 2020 च्या अखेरीस झाली. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि वैनगंगा ब्रह्मपुरी तालुक्यातल्या गावांत शिरली. आधीच कोरोना, त्यात पूर. शाळेच्या वर्गात माणसं, पोती, शेळ्या आणि तोंडावरचे ओले मास्क. वीज नाही. भाऊ दोन दिवस फळ्यापाशी मुकाट बसले. तिसऱ्या संध्याकाळी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज केला, स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला आणि लावला ‘अशी ही बनवाबनवी’. सचिन पिळगावकरांचा, 1988 चा. आता बघा, चार मित्र पुण्यात खोली शोधत फिरतात, मिळत नाही, म्हणून दोघे बायकांच्या वेषात जातात. आणि समोर बसलेल्यांची घरं पाण्यात. शिक्षक भाऊंच्या कानाशी लागले, “अहो, घराचाच सिनेमा? काही वाटतं का?”

भाऊ बोलले नाहीत. सुरुवातीला कुणी हसलंही नाही. मग मागून एका म्हातारीचा आवाज आला, “बाई गं, पुन्यातही घर भेटत नाई वाटते!” तिथून जो वर्ग सुटला तो सुटलाच. लक्ष्या बेर्डे लुगडं नेसून आला तेव्हा शेळ्याही ओरडल्या. पाणी दुसऱ्या दिवशीही तेवढंच होतं, पंचनामे व्हायचे ते झाले, भरपाईची रांग लागायची ती लागली. पण भाऊंच्या औषधाची शिफारस त्या दिवसापासून शिक्षकच करतात.

भामरागडकडे भाऊंची एक मावसबहीण नोकरीला आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की तो भाग तुटतो. एकदा भाऊ तिथे अडकले. शेजारच्या आजीला माडियाशिवाय दुसरी भाषा येईना. भाऊंनी चॅप्लिनचा ‘गोल्ड रश’ लावला, 1925 चा, मुका. भुकेपोटी तो बूट शिजवून खातो, तिथे आजी गंभीर झाल्या. नातवाने त्यांचं म्हणणं मराठीत सांगितलं : कातडं अजून शिजायला पाहिजे होतं. भाऊ या शेऱ्याला आजवरचं सर्वोत्तम परीक्षण मानतात.

आता दोष. कारण गुणी माणसाला तो असायलाच हवा, आणि भाऊंचा भारी आहे. सिनेमा लावून ते घरी जात नाहीत. शेजारी बसतात. स्वतः हसत नाहीत. विनोद यायच्या आधी खुर्चीत पुढे सरकतात, “आता पाहा, आता पाहा,” म्हणतात आणि पडद्याऐवजी तुमच्या तोंडाकडे बघतात. तुम्ही हसला नाहीत तर सिनेमा मागे नेतात. पुन्हा नाही हसलात, तर विनोद समजावून सांगतात. एका नापास झालेल्या पोराने निव्वळ सुटका व्हावी म्हणून ‘धूमधडाका’भर खोटं हसून काढलं आणि शेवटी स्वतःच्या खोट्या हसण्यावर त्याला खरं हसू फुटलं. भाऊंनी ते औषधाच्या खात्यात मांडलं. बायकोवर मात्र त्यांची मात्रा कधीच चालली नाही. ती म्हणते, “धान कापाले या, मंग पोटभर हासतो.”

तेव्हा तुमच्यावर वाईट दिवस आले आणि असे भाऊ दारात उभे राहिले, तर त्यांना परत पाठवू नका. खर्रा द्या, टीव्ही द्या, चहा द्या. फक्त रिमोट तेवढा आपल्या हातात ठेवा.