आमच्याकडचे साहेब

1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला, आणि 2021 साली पालघर-बोईसर रस्त्यावर, मौजे कोळगाव येथे, सिडकोने बांधलेल्या प्रशस्त इमारतींत त्याची दफ्तरे येऊन विसावली. राजधानी नवी, तेव्हा तिची प्रजाही नवीच. सातपाटीचा, केळव्याचा किंवा जव्हारकडचा एखादा स्थानिक मनुष्य वगळला, तर येथील खुर्च्यांवर बसणारा गृहस्थ परभणी, सांगली किंवा अकोला अशा कोठल्या तरी मुलखातून कार्यमुक्त होऊन येथे रुजू झालेला असतो. त्यांतील एका वऱ्हाडी साहेबांचा आणि आमचा शेजार जुळला. त्यांचे खरे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. कारण सबंध बिऱ्हाडपट्टीत त्यांना 'आमच्याकडचे साहेब' याच नावाने ओळखतात, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या मुखाने, दिवसाकाठी अनेकवार उच्चारून, रीतसर संपादन केलेले आहे.

ते आले ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. ट्रकमधून प्रथम काय उतरले असेल, तर कूलर: पत्र्याचा, माणसाच्या छातीइतका उंच आणि तीन बाजूंस वाळ्याच्या ताट्या बसविलेला. त्यांच्या सौभाग्यवती व चिरंजीव त्यानंतर उतरले. पश्चिम किनाऱ्याचा तो अनावर पाऊस साहेबांनी प्रवाशाने फलाटावरची वेळ काढावी तसा काढला. आपली खरी परीक्षा फाल्गुनात आहे आणि तीत आपण या कोकणपट्टीतील भित्र्या लोकांना धडा घालून देणार आहोत, अशी त्यांची खात्री होती. मार्चअखेरीच्या जमाखर्चाने कचेरी घायकुतीस आलेली असता, कोणी घाम पुसत "आज फारच उकडतंय" असे उद्गारला, की साहेब फाइलीतून मान वर करून म्हणत, "हे काय ऊन आहे काय, बाप्पा? आमच्याकडे 45 च्या खाली कोणी त्याले ऊनच म्हणत नाही." वस्तुतः त्या क्षणी त्यांचा सदरा पाठीस संपूर्ण चिकटलेला असे, परंतु पारा 34 वर असताना घाम येणे हे त्यांच्या मते यंत्रणेचे अपयश होते, उन्हाचे नव्हे.

होळी झाली आणि कूलरचे विधिपूर्वक उद्घाटन झाले. खास अकोल्याहून मागविलेल्या नव्या ताट्या चढल्या, टाकी भरली, आणि रात्री त्या यंत्राने सोडलेल्या गर्जनेने आमची चाळ दणाणून गेली. तिसऱ्या दिवसापासून त्या घरातील पापड मऊ पडू लागले, मिठाला पाणी सुटले, आगपेटीतील काड्या पेटेनाशा झाल्या, आणि भिंतीवरील दिनदर्शिकेची पाने वळून चैत्राच्या आधी वैशाख दिसू लागला. बोईसरहून कारागीर बोलावला गेला. त्याने पंखा तपासला, पंप तपासला, एकदा खिडकीबाहेर तोंड काढून वास घेतल्यासारखे केले आणि म्हणाला, "साहेब, मशीन टकाटक हाय. पन ह्या हवेत आधीच पानी भरलंय, त्यात तुमी आनखी सोडता." पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता शोषली जाते हे खरे, पण समुद्राच्या दमट हवेत आणखी वाफ सामावण्यास फारशी जागा उरत नाही, हे शास्त्र त्या कारागिराने एका वाक्यात उलगडले होते. साहेबांनी मात्र आम्हांस सांगताना आपल्या कचेरीच्या शिस्तीने शेरा मारला: "यंत्र सुस्थितीत, हवा नादुरुस्त."

त्यांचा दुसरा नेम खिडक्यांचा. वऱ्हाडात दहा वाजता दारे-खिडक्या लावून घेतात, पडदे ओढतात, आणि बाहेरची लू बाहेरच राहते. येथे दुपार कलू लागली की पश्चिमेचा खारा वारा सुटतो आणि त्याची वाट पाहत साऱ्या बिऱ्हाडांच्या खिडक्या सताड उघड्या असतात. साहेबांचे घर मात्र सुट्टीच्या दिवशी दहाच्या ठोक्याला बंद होई आणि आत ते स्वतः उकडत बसत. सौभाग्यवतींनी पहिल्या आठवड्यातच शेजारणींकडून सारे समजून घेतले होते. साहेबांचा डोळा लागला, की त्या हलकेच पश्चिमेची खिडकी उघडीत, आणि जागे झाल्यावर साहेब समाधानाने म्हणत, "पाहिलं? बंद ठेवलं म्हणून गार राहिलं." त्या माउलीने हा निष्कर्ष कधीही खोडला नाही. सरकारी खात्यात तिच्या तोडीचा मुत्सद्दी आम्ही तरी पाहिलेला नाही.

खिशात कांदा आणि डोक्याला-कानांना घट्ट गुंडाळलेला पांढरा दुपट्टा हा त्यांचा एप्रिलचा गणवेश. त्या वेषात प्रवेशद्वारावरील पहारेकऱ्याने त्यांना दोनदा चेहरा उघडा करावयास लावला, आणि डहाणूच्या लोकलमध्ये दाटीवाटीत कांद्याने आपले अस्तित्व जाहीर केले तेव्हा भोवतालच्या कोळणींनी, ज्यांच्या स्वतःच्या पाट्यांत सुके बोंबील होते, नाकाला पदर लावला.

रस्त्याकडेला ताडगोळे मांडून बसलेल्या आदिवासी बाईशी त्यांची पहिली गाठ आम्ही समक्ष पाहिली. कोयत्याच्या दोन घावांत तिने फळ उघडले आणि आतले तीन पारदर्शक गोळे पळसाच्या पानावर ठेवले. साहेबांनी एक गोळा सालीसकट तोंडात टाकला, तुरट लागताच चेहरा आक्रसला, आणि तो चावताना सुटलेली पाण्याची चिळकांडी थेट सदऱ्यावर आली. "सायेब, साल काढ ना," बाई म्हणाली. तिने स्वतःच्या नखाने दुसऱ्याची पिवळसर त्वचा अलगद ओढून काढली आणि आतला थंडगार, दुधाळ गोळा पुढे केला. तो त्यांनी खाल्ला. मग आणखी एक. आमच्याकडे याला काय म्हणतात, हे सांगण्यासाठी त्यांनी तोंड उघडले आणि वाक्याऐवजी तिसरा गोळा आत घातला. एक डझन बांधून घेतले. भावाची घासाघीस केली नाही, हे विशेष.

चैत्री पौर्णिमेच्या सुमारास विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेसाठी कचेरीत रजेचे अर्ज येऊ लागले, तेव्हा त्यांनी ते सारे विनाशेरा मंजूर केले आणि स्वतःही सहकुटुंब जाऊन आले. येताना मातीचा माठ आणला. तो पश्चिमेच्या खिडकीत ठेवला आहे. माठही पाण्याची वाफ करूनच गार होतो, त्यामुळे कोळगावच्या हवेत तोही बेताचाच गार होतो. हे आम्ही अद्याप त्यांच्या निदर्शनास आणलेले नाही.

बदल्यांचा 2005 चा कायदा अधिकाऱ्याची सर्वसाधारण मुदत तीन वर्षे धरतो आणि बदल्यांचा हंगाम एप्रिल-मे. म्हणजे आमच्याकडच्या साहेबांचे येथील आणखी दोन उन्हाळे शिल्लक आहेत. कूलर त्यांनी मे महिन्यात विकला. घेणारे गृहस्थ नुकतेच यवतमाळहून रुजू झाले असून, साहेबांनी मागितलेली किंमत त्यांनी एका पैशानेही कमी न करता मोजून दिली.